परवाना, घर आणि माणूस : व्हिक्टोरियाकालीन पबचालकाच्या शोधाची साधने

इंग्लंडमधील एखाद्या सामान्य घराण्याचा इतिहास शोधू लागले म्हणजे तीन-चार पिढ्यांच्या अंतरावर एखादा पबचालक वारंवार भेटतो. विवाहाच्या दाखल्यात वराच्या किंवा वधूच्या पित्याचा धंदा म्हणून ‘लायसन्स्ड व्हिक्चुअलर’, ‘इनकीपर’, ‘पब्लिकन’ किंवा नुसते ‘बिअरसेलर’ असे शब्द लिहिलेले असतात आणि तेथून शोधाला प्रारंभ होतो. राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली व १९०१ मध्ये निवर्तली. या चौसष्ट वर्षांत मद्यविक्रीचे घर हे केवळ पिण्याचे ठिकाण राहिले नव्हते. तेथे मजुरी वाटली जाई, टपालगाड्यांचे घोडे बदलले जात, परस्परसाहाय्यक मंडळांच्या सभा भरत, निवडणुकीचे डावपेच रचले जात आणि अपमृत्यूची चौकशीही होई. ज्याचा इतक्या व्यवहारांशी संबंध येई त्या माणसाच्या नोंदी विपुल असतील, अशी अपेक्षा साहजिक आहे. ती अर्धीच खरी ठरते. ती अर्धीच का खरी ठरते, हा प्रश्न मात्र वंशावळीपुरता मर्यादित नाही. इतिहाससाधने कशी जन्माला येतात आणि कशी नाहीशी होतात या मोठ्या प्रश्नाचाच तो एक भाग आहे.

महाराष्ट्रातील कुलवृत्तांतकार आपल्या शोधात गोत्र, मूळ गाव, वतनाचे कागद, सनदा आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांचा आधार घेतो. ही साधने कोणत्या तरी हक्कातून, मानातून किंवा धर्मकृत्यातून निर्माण झालेली असतात. इंग्लंडमधील पबचालकाचे नाव सरकारी कागदावर आले ते अगदी निराळ्या कारणाने. तो जुगार चालवील, चोरीचा माल ठेवून घेईल, मजुरांना कामावरून परावृत्त करील, दंगेखोरांना आसरा देईल, ही भीती राज्यकर्त्यांच्या मनात शतकानुशतके होती. आणि त्या भीतीपोटी त्याला परवाना घ्यावा लागे. ज्या काळात ही भीती जागी होती त्या काळातील चालक आज सापडतो. ज्या काळात ती कायद्याने शिथिल केली त्या काळातील चालक हरवतो.

या व्यवस्थेचे मूळ १५५२ च्या कायद्यात आहे. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीतील या कायद्याने एल विकणाऱ्या घराला दोन जस्टिसांचा परवाना आवश्यक केला आणि चालकाकडून सुव्यवस्थेचा मुचलका घेण्याची पद्धत घातली. येथे जस्टिस म्हणजे ‘जस्टिस ऑफ द पीस’, अर्थात परगण्यातील प्रतिष्ठित, बहुधा जमीनदार वर्गातून नेमलेला बिनपगारी दंडाधिकारी. मुचलक्यात चालकाचे नाव, त्याचा पॅरिश आणि जामीनदारांची नावे येत. हे जामीनदार पुष्कळदा शेजारचे दुकानदार किंवा समव्यवसायी असत, त्यामुळे एका मुचलक्यावरून गावातील परस्परसंबंधांचे एक लहानसे चित्रच हाती लागते. १७५३ च्या कायद्याने मुचलक्यांची नोंदवही परगण्याच्या क्लार्क ऑफ द पीस या अधिकाऱ्याने ठेवावी असे ठरले, आणि नव्या परवान्यासाठी पॅरिशच्या धर्मगुरूचा व प्रतिष्ठित रहिवाशांचा वर्तणुकीचा दाखला लागू लागला. अनेक परगण्यांच्या दफ्तरखान्यांत या वह्या आजही आहेत. परिणाम असा झाला आहे, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील एखाद्या खेड्यातल्या एलविक्याचा माग काढणे हे त्याच्या नातवाचा माग काढण्यापेक्षा पुष्कळदा सोपे जाते.

कारण १८२८ मध्ये एलहाउसविषयक सर्व जुने कायदे एकत्र करणारा नवा कायदा झाला. जस्टिसांचा अधिकार त्याने कायम ठेवला. वार्षिक परवाना-सभा मिडलसेक्स व सरे या परगण्यांत मार्चच्या प्रारंभी आणि अन्यत्र २० ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या अवधीत भरावी, असेही ठरविले. परंतु जुन्या मुचलक्यांची पद्धत संपली आणि तिच्याबरोबर त्यांच्या वह्याही थांबल्या. परवान्यांची पद्धतशीर नोंदवही ठेवण्याची सक्ती त्यानंतर आली ती १८७२ च्या कायद्याने. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत काही ठिकाणच्या कारकुनांनी आपल्या सोयीसाठी वह्या ठेवल्या, काहींनी ठेवल्या नाहीत. त्यांतल्याही काही टिकल्या, काही गेल्या. व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीचा निम्म्याहून अधिक भाग या खिंडारात पडतो.

खिंडार अधिक रुंद केले ते १८३० च्या बिअरहाउस कायद्याने. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळाने बिअरवरील कर उठविला आणि त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरपासून स्थानिक कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनी फी भरून बिअर विकण्याची मुभा दिली. परवाना द्यायचा अबकारी खात्याने; जस्टिसांना त्यात काडीचाही अधिकार उरला नाही. मोठ्या ब्रुअरांची मक्तेदारी मोडावी, गरिबाला स्वस्त बिअर मिळावी आणि जिनचे व्यसन हटावे, असे हेतू सांगितले जात होते. त्यांतला शेवटचा हेतू कितपत साधला हा निराळा प्रश्न आहे. पण नवी घरे मात्र भराभर निघाली. पहिल्या काही महिन्यांतच सुमारे २४ हजार परवाने दिले गेले आणि १८३८ पर्यंत हा आकडा ४६ हजारांच्या आसपास पोचला. शिंप्याच्या, चांभाराच्या, लोहाराच्या घरातील पुढची खोली रिकामी करून, दोन बाके आणि एक पिंप ठेवून हा धंदा सुरू होऊ शकत होता. अशा घरांना लोक थट्टेने ‘टॉम अँड जेरी’ म्हणत.

या हजारो माणसांच्या नावांचे कागद कोठे आहेत? अबकारी खात्याने परवाने दिले, फी घेतली, दंड वसूल करता यावा एवढ्यापुरता जामीन घेतला. आणि या व्यवहारांच्या वह्या फारच थोड्या ठिकाणी शिल्लक आहेत. मुंबई इलाख्याच्या अबकारी इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. कारण १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर इकडे महसुली यंत्रणेनेच दारूविक्रीवर करडी नजर ठेवली आणि तिचे दफ्तर त्यामुळे फुगत गेले. इंग्लंडात बिअरविक्याच्या बाबतीत महसुली खात्याची दृष्टी फीपुरती होती. माणूस कसा आहे हे विचारणारा जस्टिस बाजूला सारला गेला आणि त्याच्याबरोबर माणसाची नोंदही गेली. १८३४ मध्ये पार्लमेंटने जागेवर पिऊ देणाऱ्या घरांची फी तीन गिनी केली व सहा करदात्यांचा वर्तणुकीचा दाखला मागितला. १८४० मध्ये परवाना त्या घरात खरोखर राहणाऱ्या माणसालाच द्यावा असे ठरविले. यावरून आधीच्या दहा वर्षांत भलत्याच्या नावावर परवाने काढण्याचा प्रघात किती होता याची कल्पना येते. आणि म्हणून त्या दशकातील तुटपुंज्या नोंदींवर फार भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

या काळात आकडे मात्र मुबलक मिळतात. १८३४ साली कॉमन्स सभेने मद्यपानाच्या चौकशीसाठी जेम्स सिल्क बकिंगहॅम याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. (कलकत्त्यातील आपल्या पत्रात सरकारवर टीका केल्याबद्दल १८२३ मध्ये ज्याला हिंदुस्थानातून हद्दपार करण्यात आले, तोच हा बकिंगहॅम.) लंडनमधील चौदा मोठ्या जिनगृहांत एका आठवड्यात किती माणसे शिरली याची गणती या समितीपुढे आली. ती अशी : पुरुष १,४२,४५३, स्त्रिया १,०८,५९३ आणि मुले १८,३९१. दारातून आत जाणारे मूलसुद्धा मोजले गेले, पण आत गल्ल्यापाशी कोण उभे होते हे या आकड्यांवरून कळत नाही. सुधारकांच्या कागदपत्रांचा हा नेहमीचा स्वभाव आहे. त्यांना समुदाय दिसतो. वंशशोधकाला हवा असतो तो एकटा माणूस.

१८६९ मध्ये चक्र पुन्हा उलटे फिरले. त्या वर्षीच्या कायद्याने बिअरगृहे पुनश्च जस्टिसांच्या अधिकाराखाली आणली. मात्र १ मे १८६९ रोजी चालू असलेल्या जागेवर पिण्याच्या घरांना संरक्षण मिळाले. ठराविक कारणांखेरीज त्यांचा परवाना नाकारता येईना. ही तारीख शोधकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे एखाद्या घराचा वाद निघाला म्हणजे ते घर त्या दिवशी चालू होते आणि त्यानंतर परवाना खंडित झाला नाही, हे दाखविणे मालकाच्या हिताचे असे. १८७२ च्या कायद्याने नोंदवही सक्तीची केली, बंद करण्याच्या वेळा ठरविल्या आणि चालकावरील दोषसिद्धीची नोंद ठेवण्याची तरतूद केली. येथून पुढच्या वह्यांत घराचे नाव, जागा, मालक, परवानाधारक, हस्तांतराची तारीख आणि शिक्षा हे सर्व एका ओळीत सापडू शकते. पूर्वज १८७२ नंतर धंद्यात असला तर शोधकाचे नशीब थोर म्हणावयास हरकत नाही.

राज्याच्या संशयाने कोणते टोक गाठले ते एका गाजलेल्या खटल्यावरून दिसते. वेस्टमोरलंड परगण्यातील केंटमिअर या डोंगराळ खोऱ्यात ‘लो ब्रिज इन’ नावाची एक सराई होती. तिच्या परवान्याचे नूतनीकरण जस्टिसांनी नाकारले. जी कारणे दिली गेली त्यांत ती पोलिसांच्या देखरेखीपासून फार दूर आहे हे एक होते, आणि त्या वस्तीला तिची गरज नाही हे दुसरे. सुसाना शार्प हिच्या नावाने चाललेला हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८९१ मध्ये जस्टिसांच्या बाजूने निर्णय झाला. जुन्या परवान्याच्या बाबतीतही जस्टिसांना विवेकाधिकार आहे, पण तो लहरीने नव्हे तर न्यायबुद्धीने वापरला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. विवेकाधिकाराची ही व्याख्या भारतीय न्यायालयांच्या निकालपत्रांतही पुढे अनेकदा आधार म्हणून घेतली गेली. एका डोंगरी सराईच्या बिअरने दिल्लीपर्यंत प्रवास केला, असे गमतीने म्हणता येईल. वंशशोधकाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व वेगळे आहे. नूतनीकरण ही निव्वळ औपचारिकता राहिली नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. सराई किती दूर आहे, भोवती वस्ती किती, गिऱ्हाईक कोण, जवळपास दुसरी घरे किती, हे प्रश्न परवाना-सभांत उघडपणे निघू लागले, आणि स्थानिक वृत्तपत्रे ते छापू लागली.

सरकारी वह्यांच्या या चढउतारामुळे कामाची दिशा बदलावी लागते. पूर्वजाचे नाव घेऊन थेट परवान्यांच्या वह्या शोधण्यात अनेकांची वर्षे वाया जातात. अधिक फलदायी मार्ग हा, की प्रथम घर निश्चित करावे आणि मग माणूस. पबचालक दोन-तीन वर्षांत घर बदलतो, गाव बदलतो, दिवाळे काढतो, मरतो; घर मात्र आपली पाटी सांभाळून त्याच कोपऱ्यावर उभे राहते. पाटीचे नाव बदलले तरी जागा बदलत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या मोठ्या प्रमाणावरील नगर-नकाशांत पब्लिक हाउस आणि बिअर हाउस यांची आद्याक्षरे निरनिराळी छापलेली असतात, त्यामुळे एखाद्या गल्लीत पूर्ण परवान्याचे घर कोणते आणि केवळ बिअरचे कोणते हे नजरेसरशी कळते. लंडनच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सने असंख्य रस्त्यांची नावे व घरांचे क्रमांक बदलले. एका खानेसुमारीतील सात क्रमांकाचे घर दहा वर्षांनी एकोणीस क्रमांकाचे झालेले आढळते, आणि शोधक मात्र पूर्वज स्थलांतरित झाला असे समजून भलतीकडे निघून जातो.

घर ठरले म्हणजे व्यापारी डिरेक्टऱ्या उपयोगी पडतात. पिगट, स्लेटर, व्हाइट, केली आणि लंडनची पोस्ट ऑफिस डिरेक्टरी ही त्यांतली प्रसिद्ध नावे. पूर्ण परवान्याच्या घरांची यादी त्यांत पाटीच्या नावासह येते. बिअरविक्ये मात्र ‘बिअर रिटेलर्स’ या सदरात केवळ नाव आणि रस्ता एवढ्यावरच भागविले जातात. म्हणजे १८३० च्या कायद्याने केलेला भेद छापील पुस्तकातही उतरला. शिवाय माहिती गोळा झाल्यापासून पुस्तक बाजारात येईपर्यंत कित्येक महिने लोटत, तेवढ्यात धंदा दुसऱ्याच्या हाती गेलेला असे. डिरेक्टरीवरील वर्ष हे चालकाच्या मुक्कामाचे अचूक वर्ष मानणे ही नवशिक्याची नेहमीची चूक.

खानेसुमारीचे स्थान यांहून वरचे. तिची पाने या विषयात जितकी बारकाईने वाचावी तितकी ती अधिक देतात. १८४१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि नाती दिलेली नाहीत. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्माचा पॅरिश ही माहिती येते. धंद्याच्या रकान्यातील शब्द तोलून घ्यावे लागतात. ‘इनकीपर’ म्हणविणाऱ्याच्या घरी घोड्यांची निगा राखणारा ‘ऑस्लर’ आणि उतारू असतील तर ती खरोखर सराई होती. ‘बारमेड’ आणि ‘पॉटमन’ असतील तर शहरातला वर्दळीचा पब. घरात नोकर कोणी नाही, एखाददुसरा भाडेकरू आहे आणि मालकाच्या धंद्यापुढे ‘लोहार व बिअरविक्या’ असे लिहिले आहे, तर ते १८३० च्या कायद्याचे अपत्य. कोळशाच्या मुलुखात हा दुहेरी धंदा अधिक गंभीर होता. खाणीतील मजुरांचा मुकादम-ठेकेदार स्वतःच बिअरगृह चालवी आणि मजुरी तेथेच वाटी. मजुराच्या हातातील पैसा गल्ल्यात परत यावा ही व्यवस्था. खाणींपुरती ही रीत १८४२ च्या खाण-कायद्याने आणि इतर बहुतेक धंद्यांपुरती १८८३ च्या कायद्याने बंद केली. आपला पूर्वज ‘दिलदार सराईवाला’ असावा अशी वंशजांची हौस असते. अशा एका जोडशब्दाने ती मावळते, आणि ती मावळणे इतिहासाच्या दृष्टीने इष्टच आहे.

आता या शोधातील सर्वांत मोठ्या पोकळीकडे वळले पाहिजे. परवाना ज्याच्या नावावर असतो तो कायद्यापुढे जबाबदार माणूस असतो. घर चालविणारा माणूस तोच असेल असे नाही. लोहार दिवसभर भट्टीपाशी असे. मग पिंपाला तोटी कोण लावी, हिशेब कोण ठेवी, उधारी कोणाला द्यायची आणि झिंगलेल्याला बाहेर कधी काढायचे हे कोण ठरवी? बहुतेक ठिकाणी बायको. १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यापूर्वी विवाहितेच्या धंद्याला स्वतंत्र अस्तित्व देण्यास इंग्लिश कायदा सामान्यतः राजी नव्हता, त्यामुळे पाटीवर आणि परवान्यावर नवऱ्याचे नाव येई. गंमत अशी, की खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांना मात्र वस्तुस्थिती ठाऊक होती. १८५१ च्या धंदेवार वर्गीकरणात शेतकऱ्याची बायको, चांभाराची बायको, खाटकाची बायको यांच्याबरोबर सराईवाल्याची बायको हा एक स्वतंत्र वर्ग धरलेला आहे. याचा अर्थ, हे विवाहितेचे नुसते गृहिणीपण नसून श्रम आहेत, हे सरकारच्या एका खात्याने मान्य केले होते. परवाना देणाऱ्याने मात्र त्याची दखल घेतली नाही.

ही स्त्री कागदावर प्रकट होते ती नवरा मेल्यावर. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाला वा मृत्युपत्र-व्यवस्थापकाला परवान्याचे हस्तांतर मागण्याची सोय १८२८ च्या कायद्यातच होती. म्हणून डिरेक्टऱ्यांत एका आवृत्तीत ‘जॉन’ असलेले नाव पुढच्या आवृत्तीत ‘मिसेस मेरी’ होते, आणि त्याही पुढच्या आवृत्तीत एकदम अनोळखी पुरुषाचे. या अनोळखी पुरुषाशी शोधकाचा संबंध नाही असे वरवर वाटते. परंतु पॅरिशच्या विवाहनोंदी पाहिल्या असता तो त्या विधवेचा दुसरा नवरा निघण्याचा संभव असतो. अशा वेळी तीन पुरुषांच्या नावांखाली दिसणारा वीस-पंचवीस वर्षांचा धंदा वस्तुतः एकाच बाईचा असतो. वंशावळ पितृपरंपरेने काढण्याच्या सवयीमुळे ती बाई दोन घराण्यांच्या कागदांत विभागली जाते आणि कोठेच पूर्ण दिसत नाही. घर आधी शोधावे या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच, की ती बाई त्या पद्धतीत आपोआप सापडते.

नावांचा घोटाळा एवढ्यावरच थांबत नाही. मुष्टियोद्धे निवृत्तीनंतर पब चालवीत, आणि त्यांच्या कीर्तीवर गिऱ्हाईक येत असल्याने पुष्कळदा रिंगणातलेच नाव धंद्यातही चाले. लंडनच्या होबर्न भागातील ‘कॅसल टॅव्हर्न’ १८२८ पासून चालविणारा टॉम स्प्रिंग हा इंग्लंडचा प्रख्यात विजेता. १८५१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. हेरफर्डशायरमधील फाउनहोप येथे १७९५ साली तो जन्मला, तेव्हा त्याचे नाव होते टॉमस विंटर. हिवाळ्याचा वसंत झाला तो रिंगणात. स्प्रिंग या आडनावाने त्याचा बाप्तिस्मा शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. स्प्रिंग प्रसिद्ध होता म्हणून त्याचे खरे नाव कळते. जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच टोपणनावाने वावरणारे जे अनेक लहान मल्ल व घोडेस्वार होते, त्यांच्या वंशजांना हे भाग्य लाभत नाही.

याची काळी बाजू जॉर्ज चॅपमन याच्या प्रकरणात दिसते. हा मूळचा पोलंडमधील सेव्हेरिन क्लोसोव्स्की. १८९७ नंतर त्याने लंडनमध्ये एकामागून एक पब चालविले आणि त्याच्याबरोबर पत्नी म्हणून राहणाऱ्या तीन स्त्रिया १८९७, १९०१ व १९०२ मध्ये मृत्यू पावल्या. पहिल्या दोघींचे मृत्यू आजारामुळे झाले असे डॉक्टरांनी मानले. तिसरीच्या वेळी विषप्रयोग उघडकीस आला आणि १९०३ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली. या तिन्ही ‘मिसेस चॅपमन’ कायद्याने त्याच्या पत्नी नव्हत्या. नाव, विवाह आणि मृत्यूचे कारण या तिन्ही बाबतींत हे घर बाहेरच्या जगाला जे सांगत होते ते खोटे होते. हे उदाहरण टोकाचे आहे हे खरे. तथापि १८३७ च्या १ जुलैपासून सुरू झालेल्या नागरी नोंदणीवर जे शोधक डोळे मिटून विश्वास ठेवतात त्यांनी ते ध्यानात घ्यावे.

वृत्तपत्रांचा उल्लेख वर ओझरता आला. १८२८ ते १८७२ या खिंडारावर पूल बांधण्याचे काम मुख्यतः त्यांनाच करावे लागते. वार्षिक सभेपूर्वीच्या व नंतरच्या अंकांत नव्या अर्जांची आणि हस्तांतरांची यादी येई. त्याहून बोलके असतात ते अपमृत्यूच्या चौकशीचे वृत्तांत. कॉरोनर आपली चौकशी पबमध्ये भरवी, कारण प्रेत ठेवण्यास आणि ज्यूरीला बसण्यास गावात तेवढी दुसरी जागा नसे. १९०२ च्या कायद्याने, अन्य योग्य जागा उपलब्ध असल्यास, ही रीत बंद केली. या वृत्तांतांच्या पहिल्याच ओळीत घराचे नाव आणि पुष्कळदा चालकाचेही येते. ऑडफेलोज किंवा फॉरेस्टर्स यांसारख्या मंडळांच्या शाखांच्या सभास्थानांवरूनही असाच पुरावा मिळतो. ‘मॉर्निंग ॲडव्हर्टायझर’ हे दैनिक तर १७९४ मध्ये लंडनच्या मद्यविक्रेत्यांच्याच संस्थेने काढले, आणि १८२७ मध्ये पेकहॅम येथे वृद्ध व निर्धन परवानाधारकांसाठी आश्रमगृह उभारले गेले. धंद्यात असताना जो कागदावर दिसत नाही तो धंदा बुडाल्यावर अशा ठिकाणी दिसतो.

धंदा बुडणे ही मुळीच विरळा गोष्ट नव्हती. ‘लंडन गॅझेट’मधील दिवाळखोरांच्या सूचनांत मद्यविक्रेते सतत आढळतात. जेथे बाहेरून सुबत्ता दिसे तेथेही आतून पोखरलेले असे. कादंबरीकार एच. जी. वेल्स याचा मातामह जॉर्ज नील हा ससेक्समधील मिडहर्स्ट येथे सराई चालवीत असे. मुलीला त्याने शाळेत घातले, ही त्या वर्गाच्या मानाने प्रतिष्ठेची खूण होती. पण तीच मुलगी, सारा, पुढे श्रीमंतांच्या घरी परिचारिकेच्या नोकरीत गेली. १८५३ मध्ये नील मेला तेव्हा त्याच्यावरील कर्ज उघड झाले. वेल्सने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात आपल्या या आजोळाची हकीकत येते. व्हिक्टोरियन समाजातील ‘खालच्या मध्यम वर्गा’ची अस्थिरता समजून घेण्यास ती अनेक तक्त्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे. सराईवाल्याची मुलगी आणि मोलकरीण यांच्यात अंतर होते ते एका मृत्यूइतके.

शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आणखी एक बदल झाला. ब्रुअरांनी कंपन्या काढल्या, बाजारातून भांडवल उभारले आणि त्या पैशाने घरे विकत घेण्याचा सपाटा लावला. चालकाने त्याच ब्रुअरची बिअर विकावी अशा अटीने बांधलेली ही घरे. लिव्हरपूलसारख्या शहरात तर भाडेकरूही नको झाला; कंपनीने पगारी व्यवस्थापक ठेवले. अशा घरांच्या बाबतीत जस्टिसांच्या वहीपेक्षा ब्रुअरीचे दफ्तर अधिक माहिती देते : भाडे किती थकले, महिन्याला किती पिंपे उचलली, चालकाला का काढले. ही दफ्तरे कंपन्यांच्या विलीनीकरणांत वाताहत होऊन काही परगण्यांच्या दफ्तरखान्यांत पोचली आहेत, आणि त्यांचा वंशशोधासाठी होणारा उपयोग अद्याप त्यांच्या योग्यतेच्या मानाने थोडा आहे.

१९०४ च्या कायद्याने अनावश्यक ठरलेली घरे नुकसानभरपाई देऊन बंद करण्याची योजना आली. व्हिक्टोरिया तेव्हा हयात नव्हती, परंतु बंद होणारी घरे बव्हंशी तिच्याच काळातली होती, आणि त्यांत १८६९ पूर्वीची बिअरगृहे पुष्कळ होती. भरपाईची वाटणी मालक आणि परवानाधारक यांच्यात व्हायची असल्याने घराची किंमत, विक्री, भाडेकरार आणि चालकाच्या मुक्कामाची वर्षे या गोष्टी चौकशीत निघत. मोठा हिस्सा ब्रुअरीला जाई. परवानाधारकाच्या वाट्याला थोडकी रक्कम येई. त्या रकमेपुढे त्याचे वा त्याच्या विधवेचे नाव लिहिलेले असते, आणि ज्या घराचा १८३० नंतर चाळीस वर्षे एकही सरकारी कागद सापडत नाही, त्याच्या मोजमापापासून तळघरापर्यंतचा तपशील त्याच फाइलीत मिळू शकतो.